वाचले असे समजावे

५ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

परवा सकाळी मी सभेच्या अडीच तास आधी कचेरीत गेलो आणि सभेत काय काय झालं ते सगळं लिहून काढलं.

हसू नकोस. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की, सूनबाई म्हणते, मामा परिषदेच्या कचेरीत बसून नेमकं करतात तरी काय? तिला सांग, हेच करतात. साडेआठला कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, सभेच्या लांब टेबलावरून फडकं फिरवलं आणि टोकाच्या माझ्या खुर्चीत बसून इतिवृत्ताची वही उघडली. सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद म्हणजे इतिवृत्त. वहीच्या पानांवर छापील आकडे असतात, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. नवं पान सुरू करताना मी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने देवाचं नाव लिहितो आणि काम संपलं की खोडरबराने पुसतो. एकोणीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आज तुला सांगितलं.

अध्यक्षांनी आदल्या दिवशी विषयपत्रिकेवर खुणा करून दिल्या होत्या. त्या बघून लिहीत गेलो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. नऊ विषय, नऊ ठराव. दहाच्या आत शाई वाळलीसुद्धा. अकराला अकरा सदस्य आले, पंखा नेहमीसारखा टकटक करत होता, चौथ्या विषयाला चहा आला, आणि बारा वाजेपर्यंत खुर्च्या रिकाम्या.

तुला ही लबाडी वाटेल. पण आधी लिहिलेलं असतं तेच सभेत होतं गं. भांडणं असतील ती अध्यक्षांच्या खोलीत आदल्या दिवशी उरकलेली असतात. सभेत फक्त हात वर होतात. पुढच्या सभेचा पहिला विषय ठरलेला, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. अध्यक्ष म्हणतात, “वाचले असे समजावे.” सगळे माना हलवतात. झालं कायम. म्हणजे एवढी वर्षं मी लिहितोय ते आजवर एकदाही वाचलं गेलेलं नाही. खाली सही अध्यक्षांची आणि सचिवांची. माझी सही कुठेच नसते. एका अर्थी बरंच आहे ते.

परवा एक विषय तुमच्या बाजूचाही होता. कागद येईल तेव्हा कळेलच.

गुडघे कसे आहेत? नर्सबाई अजून शेकायला सांगते का? कंटाळा न करता शेकत जा. सूनबाईला सातवा लागला असेल ना? जपा म्हणावं.

तुझा,
शाईबुवा


१६ फेब्रुवारी

चि. शाईबुवास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुमचा कागद एकाच दिवशी आले. तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं. तुमचा कागद शिपायाने दवाखान्याच्या दाराला चिकटवला. डिंक लावला, तळहाताने दाबला, नाकाला हात पुसला आणि निघून गेला. थांब म्हटलं, पाणी तरी पी, तर म्हणे पुढची बस गाठायची आहे. पळायची घाई होती त्याला, कळलं मला नंतर.

कागदावर लिहिलंय की वस्तीतला दवाखाना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात विलीन करणे, व रिकामी होणारी इमारत रस्त्याच्या कामाचे सामान ठेवण्यास कंत्राटदारास देणे. मार्चअखेर सामान हलवायचं. विलीन म्हणजे काय ते वाण्याला विचारलं. तो म्हणाला, साखर पाण्यात विरघळते तसं. म्हटलं, मग पाणी गोड कुणाला लागणार आहे?

आम्ही पंधरा-वीस बायका नर्सबाईकडे गेलो. ती म्हणाली, वरून आलंय. तिने मोठ्या रुग्णालयात फोन लावून दिला. तिथले साहेब म्हणाले, आमच्या हातात काही नाही, परिषदेचा ठराव आहे. परिषदेच्या कचेरीत लावला तर कुणी म्हणालं, नियमानुसार झालंय. अरे, सगळेच जर खाली उभे आहेत, तर वर आहे तरी कोण?

आता खरं कारण लिहिते. कागदाच्या शेवटी आहे, ‘सर्वानुमते मंजूर’. आमची शिवणबाई तुमच्या त्या अकरांत बसते. माझ्या घरापासून तिसऱ्या दारात तिची मशीन. तिला आम्हीच दारोदार फिरून निवडून दिली. ती म्हणते, मी उभी राहिले, विरोध केला. पण सर्वानुमते म्हणजे सगळ्यांच्या मताने ना? मग तीही आलीच त्यात. कागदावर शिक्का आहे आणि तिच्याकडे नुसतं तोंड. लोक म्हणतात, हिने तिथे हात वर केला आणि इथे येऊन हात झटकते. मला तरी काय कळावं?

तू आधीच लिहून ठेवतोस हे वाचलं मी. पण ती खरंच उठली असती तर तू ते बदललं असतंस, एवढं मी तुला ओळखते. पाटीवर माझा एक काना राहिला तर सगळी ओळ पुसायला लावायचास, सात वर्षांचा मास्तर!

सूनबाईच्या सैल झग्यांचं कापड मी तिच्याकडे टाकलंय. परत आणू की राहू देऊ? तू त्याच टेबलाच्या टोकाला बसला होतास. ती उठली होती का, एवढंच लिही.

आक्का


२३ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

तुझं पत्र मिळालं. दवाखान्याचं वाचून वाईट वाटलं.

सभागृहात कोण काय बोललं ते आम्ही बाहेर सांगू नये असा दंडक आहे. मी कारकून माणूस. माझं काम लिहायचं, मत द्यायचं नाही. तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर मी कसं द्यावं?

तुझा दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, वर कोण आहे हा. आपल्या शाळेत गुरुजींनी एकदा फळ्यावर लिहिलं होतं, ‘राज्य कशासाठी? ज्याला कोणी विचारत नाही, त्याला विचारण्यासाठी.’ मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि अक्षर चांगलं आलं म्हणून मला खडू बक्षीस मिळाला होता. अर्थ तेव्हा कळला नव्हता. आता इतकी वर्षं राज्याच्या एका कोपऱ्यात बसून बघतो, तर अध्यक्ष म्हणतात मला सचिवांचं ऐकावं लागतं. सचिव म्हणतात मी नियमांना बांधलेला. नियम एका जाड पुस्तकात आहेत, ते पुस्तक कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते. हे लिहिताना आत्ताच खिसा चाचपून बघितला.

सकाळच्या प्रार्थनेत हल्ली मन लागत नाही. पहिल्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर जातो.

कापडाचं तू तुझ्या मनाने ठरव. दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला कसं कळणार? गुडघ्यांची काळजी घे.

तुझा,
शाईबुवा


३ मार्च

चि. शाईबुवास आशीर्वाद.

समजले. ती उठली असती तर तू एका शब्दात लिहिलं असतंस. दोन पानं लिहिलीस आणि ‘हो’ एवढं एक अक्षर त्यात नाही, म्हणजे बाईची लाज राखायची म्हणून तू गप्प बसलास. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी मात्र गप्प बसले नाही. नळावर सगळ्या जमल्या होत्या, तिथे सांगितलं, माझा सख्खा भाऊ त्या सभेत असतो, ती उठली असती तर त्याने मला कळवलं नसतं? एवढे दिवस निम्म्या बायका तिच्या बाजूच्या होत्या. आता कुणी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कापड आणायला गेले. मशीन बंद होती. एरवी तिच्या दारात चपलांचा ढीग असतो, तिथे तिच्या एकटीच्या चपला. मला बघून उठली. “आक्का, तुम्हीसुद्धा?” म्हणाली. मी म्हटलं, “मी काय, सगळी वस्तीच.” कापड कापून झालं होतं. तिने तुकडे एकावर एक नीट लावले, घडी घातली, वर त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ ठेवलं. “माप बरोबर घेतलंय,” म्हणाली. “दुसरीकडे शिवलंत तरी चुकणार नाही.”

मी घरी आले. सूनबाईने विचारलं, शिवणार कोण? वस्तीत दुसरं आहे कोण शिवणारं? तुकडे तसेच कपाटात आहेत.

बरोबर केलं ना रे मी? रात्रंदिवस तोच चेहरा समोर येतो. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असा असतो का?

आक्का


८ मार्च

प्रिय आक्का,

ती उठली होती.

हे तीन शब्द लिहायला मला महिना लागला. तुझं पत्र आल्यापासून हिने दोनदा विचारलं, ताटात टाकून का उठता? तिलाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतो.

नववा विषय निघाला तेव्हा निम्मे सदस्य खुर्च्या मागे सारून बसले होते. अध्यक्षांनी एका दमात वाचलं आणि सर्वानुमते म्हणून कागद मिटायला घेतला. तेवढ्यात तुमच्या शिवणबाई उभ्या राहिल्या. चष्मा दोरीला लावून गळ्यात होता. त्या म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, माझा विरोध लिहून घ्या. तुम्ही माप न घेता कापताय. एकदा वस्तीत या, कोण कुठून चालत येतं ते बघा, मग काय कापायचं ते कापा.”

अध्यक्ष म्हणाले, “बाई, चहा घेतलाच नाही तुम्ही. गार झाला की.” सगळे हसले. मीही हसलो, आक्का. आवाज न करता, पण हसलो.

त्या लगेच बसल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिल्या. माझं पेन चालू होतं, विषयपत्रिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांचे शब्द टिपत होतो. ते बघितलं आणि मग त्या समाधानाने खाली बसल्या. त्यांना वाटलं, लिहिलं गेलं. वहीत तर मी सकाळीच सगळं लिहून बसलो होतो.

सभा सुटल्यावर सचिवांकडे गेलो. म्हटलं, नवव्यात दुरुस्ती लागेल. ते म्हणाले, “वहीत खाडाखोड चालत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. आणि एका बाईसाठी अख्खी परिषद उचलून उन्हातान्हात वस्तीत न्यायची?” टोपण काढलेलं पेन माझ्या हातात होतं. मी टोपण लावलं.

ते असं का म्हणाले ते ऐक. नियमांच्या पुस्तकात आहे की औषधोपचाराची कोणतीही सोय बंद करायची तर ठराव सर्वानुमते हवा. एकही मत विरुद्ध गेलं, तर त्या जागी जाऊन, तिथल्या लोकांसमोर बसून त्यांचं म्हणणं ऐकायचं, आणि तोवर काही हलवायचं नाही; त्यानंतर मात्र बहुमत पुरतं. म्हणजे त्या बाईंचं एक मत दवाखान्याच्या दाराला अडसर होतं. तो अडसर मी काढून ठेवला. अध्यक्षांनी काढला नाही, सचिवांनीही नाही. त्यांनी फक्त मला अडवलं नाही.

आणि वर मी तुझ्याशी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्याचा तू नळावर पुरावा केलास. चूक तुझी नाही.

तो टिपणाचा कागद मी एरवीसारखा टोपलीत टाकला नाही. सकाळी वाचतो त्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय. म्हणून तर पहिल्या ओळीवरून तिसरीवर जातो. दुसऱ्या ओळीवर तो कागद असतो.

पुढची सभा सत्तावीस तारखेला आहे. इतिवृत्त कायम झालं की मग ते खरं. देवसुद्धा ते बदलू शकत नाही अशी आमच्या कचेरीची समजूत आहे. सभेत मला बोलता येत नाही. मला फक्त वाचता येतं, आणि तेही कुणी सांगितलं तर. पण एका सदस्याने जरी म्हटलं की वाचा, तर ‘वाचले असे समजावे’ चालत नाही. मला उभं राहून वाचावं लागेल. हे बाईंना कदाचित ठाऊक नसेल. तू त्यांच्याकडे जा आणि एवढं सांग, की पहिल्या विषयाला ‘वाचा’ म्हणा.

मी काय वाचेन ते मलाही अजून माहीत नाही. नोकरी गेली तर काय, हा विचार मनात येतोच. खोटं धैर्य लिहीत नाही.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. लगेच लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

तुला गुरुजींची फळ्यावरची ओळ आठवते. मला गुरुजींचं दुसरं काही आठवतं. मी चार वर्षं शाळेत होते, तुला ठाऊक आहे? पटावर होते. पट भरला नाही तर शाळा बंद पडेल म्हणून गुरुजी रोज माझ्या नावापुढे हजर लिहायचे. चांगला माणूस, शाळा वाचवली त्याने. आणि मी रोज घरी तुला कडेवर घेऊन चुलीपाशी. एकदा तपासनीस आले होते. त्यांनी पट बघितला, शंभर टक्के हजेरी, शाबास म्हणाले आणि गेले. मी दारात उभी राहून त्यांना जाताना बघितलं. तू माझ्या कडेवर होतास, शेंबडा. त्यांनी मला बघितलंसुद्धा. मी कोण ते त्यांना विचारावंसं वाटलं नाही, कारण मी शाळेत होते ना!

मग तू मोठा झालास आणि तूच मला अक्षर शिकवलंस. म्हणून आजवर मी तुला फोन न करता पत्र लिहिते. माझ्या त्या चार वर्षांची परतफेड आहे ती, असं मी समजायचे. आणि तूच कुणाला तरी कागदावर हजर करून ठेवलंस, जिथे ती नव्हती.

शिवणबाईकडे गेले. आत या म्हटलं नाही तिने, मीच आत गेले. तुझं पत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा. मग म्हणाली, “म्हणजे त्याच्या हाताकडे बघून मी बसले ते चुकलंच.”

मी म्हटलं, “माझं जास्त चुकलं.”

“तुमचं निदान दिसलं तरी. तुम्ही कापड न्यायला दारात आलात.”

मग मी तिला ‘वाचा’चं सांगितलं. ती हसली, बरं नाही हसली. म्हणाली, “आणि तुमचा भाऊ उभा राहून परत तेच वाचेल. मग सगळ्यांच्या देखत, तोंडावर, दुसऱ्यांदा सर्वानुमते. एकदा झालं तेवढं पुरे नाही का आक्का?” तू स्वतःच लिहिलंयस, काय वाचेन ते माहीत नाही. तिने तेवढी ओळ बोटाने दाखवली.

तिथून उठून नळावर गेले. ज्या दगडावर उभी राहून तेव्हा बोलले होते, त्याच दगडावर उभी राहिले आणि सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं ते खोटं निघालं, माझ्या भावाने खोटं लिहिलं, ही बाई उठली होती. वाण्याची बायको म्हणाली, आता कुणाचं खरं मानायचं? म्हटलं, माझं तर नकोच मानू.

कापडाचे तुकडे परत दिलेत. तिने घेतले. शिवते म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

सत्तावीसला ती सकाळच्या बसने येणार आहे, सभा चुकवत नाही ती. म्हणेल की गप्प बसेल, मला सांगता येत नाही.

आक्का


२८ मार्च

प्रिय आक्का,

तुझ्या पत्राच्या वर आशीर्वाद नव्हता. बरोबर होतं ते. मागायला लिहीत नाही. काल काय झालं ते लिहितो, आणि झालं तसं, झाल्यानंतर.

सकाळी मी वही उघडली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सभेच्या आधी पान कोरं होतं. कोपऱ्यात पेन्सिलीने नाव तेवढं लिहिलं. सचिव डोकावून म्हणाले, “झालं का लिहून?” म्हटलं, “अजून सभाच झाली नाही साहेब.” त्यांना ते विनोदासारखं वाटलं.

अकराला सगळे आले. शिवणबाई त्यांच्या नेहमीच्या जागी, दारापाशी बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्ष म्हणाले, “विषय एक. वाचले असे समजावे.” माना हलल्या. पंखा टकटक करत होता. बाई आपल्या हातांकडे बघत होत्या. मी वाट बघितली आणि काही झालं नाही. अध्यक्षांनी दुसऱ्या विषयावर बोट ठेवलं. तेव्हा मला काय वाटलं ते तुला खरं सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. पाय हलके झाले. मी किती कच्चा आहे ते मला त्या घटकेला कळलं.

मग दारापाशी आवाज आला, “वाचा.”

“काय बाई?”

“वाचा म्हटलं. मागच्या वेळी आपण काय केलं ते मला ऐकायचंय.”

“नऊ ठराव आहेत. सगळे वाचत बसलो तर जेवायची वेळ टळेल.”

“मी डबा आणलाय.”

बर्फाचा कारखाना असलेले आमचे एक वयस्कर सदस्य आहेत, त्यांना आम्ही बर्फवाले म्हणतो. ते म्हणाले, “वाचू द्या हो. इतकी वर्षं ठरवतोय, एकदा ऐकू तरी.” हसणं झालं. अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला.

मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. आठ ठराव वाचेपर्यंत तिघांनी जांभया दिल्या. नववा वाचला. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हेही मोठ्याने वाचलं. बाईंनी मान खाली घातली. तेव्हा मी प्रार्थनेच्या पुस्तकातून आणलेला तो कागद उघडला आणि म्हणालो, “हे मी सभेच्या आधी, सकाळी लिहिलं होतं. सभेत झालं ते या कागदावर आहे.”

“तुमचं काम वाचायचं आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बोलायचं नाही.”

“वाचतोच आहे साहेब.”

आणि वाचलं. माझा विरोध लिहून घ्या, माप न घेता कापताय, सगळं. ‘बाई, चहा घेतलाच नाही तुम्ही’ हेही वाचलं. त्यापुढे मी टिपलं होतं, ‘सदस्य हसले’. तेही वाचलं.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “असं काही झाल्याचं कुणाला आठवतंय?”

कुणाला आठवत नव्हतं. एकेक जण टेबलाकडे बघत होता. खूप वेळ गेला असं मला वाटलं, प्रत्यक्षात पंखा दहा-बारा वेळा वाजला असेल. मग बर्फवाल्यांनी घसा खाकरला. “त्या काय म्हणाल्या ते मला शब्दाला शब्द आठवत नाही,” ते म्हणाले. “पण मी हसलो होतो, ते आठवतंय.”

त्यानंतर बरीच बोलाचाली झाली. सचिवांनी नियमांचं पुस्तक मागवलं, आणि मीच किल्ली काढून ते आणून दिलं. शेवटी इतिवृत्त कायम झालं नाही. दहा एप्रिलला तुमच्या दवाखान्याच्या अंगणात परिषद बसणार आहे. तोवर आतलं काही हलणार नाही, साधा तराजूसुद्धा नाही. यातून दवाखाना राहीलच असं समजू नका. दहा हात अजून त्यांचेच आहेत. पण त्यांना तुमच्या अंगणात येऊन, तुमच्याकडे बघून ते वर करावे लागतील. सगळ्यांनी या. सूनबाईला चालवत असेल तर तिलाही बसवा पुढे.

बाई जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी वही आपल्याकडे फिरवली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “मी आहे इथे तोवर लिहा.”

सचिवांनी सांगितलं होतं की चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं आणि किल्ली संध्याकाळच्या आत जमा करायची. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आता दुपारचं गरम जेवाल.” पुढे डोळे पुसत आत गेली.

पण ते नंतरचं. आधी मी बाईंच्या समोर बसून कोऱ्या पानावर लिहिलं, मागील सभेचा ठराव क्रमांक नऊ सर्वानुमते मंजूर झालेला नाही. दहा मते बाजूने, एक विरुद्ध. खाली त्यांचं पूर्ण नाव आणि त्यांचे शब्द. पान अध्यक्षांकडे नेलं, त्यांनी बाजूला सारलं. सचिवांकडे नेलं, ते म्हणाले यावर मी सही करणार नाही. परत जागेवर आलो. वरच्या कोपऱ्यातलं पेन्सिलीचं नाव पुसायला खोडरबर हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. पानाच्या तळाशी सहीची जागा रिकामी होती. पेनाचं टोपण काढलं आणि तिथे मी माझी सही केली.

तुझा धाकटा